घड्याळ लावून अक्कल मोजणाऱ्यांना खुलं पत्र

निवड समितीचे सगळे सदस्य आणि एचआरमधली मंडळी,

नमस्कार.

हे पत्र आधी तुम्हाला ईमेलने पाठवलं होतं. तीन आठवडे झाले. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असं एका ओळीचं उत्तर आलं, तेही सेंड दाबल्या दाबल्या, म्हणजे वाचलं कोणी नसणारच, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही. तुम्ही कोण ते तुम्हाला बरोबर कळेल, आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांना वाटेल की अरे हे तर आपल्याच ऑफिसबद्दल आहे, त्यांनी खुशाल तसं समजावं.

मी छप्पन वर्षांची आहे. त्यातली एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये गेली. पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह आणि रात्री-अपरात्री येणारे फोन. लॉगबुकात दोन ओळी लिहिणारी बाई मी, लांबलचक लिहायची सवय नाही, तेव्हा गाडी मध्येच इकडेतिकडे गेली तर सांभाळून घ्या.

झालं काय ते बाकीच्यांसाठी सांगते. तुम्ही एकाच महिन्यात दोन निर्णय घेतले. एक म्हणजे नवीन कल्पनांवर काम करायला वेगळी टीम काढली आणि तिच्यासाठी अट घातली, वय ४० पर्यंत. दुसरं म्हणजे पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना कॉम्प्युटरवर एक चाचणी द्यायला लावली, आणि जे त्यात तुमच्या रेषेच्या खाली गेले त्यांना मशीनवरून काढून 'मार्गदर्शक' केलं. मी खाली गेले. आता मी मार्गदर्शक आहे. म्हणजे काय तर मीटिंगला बसायचं आणि कोणी विचारलं तर सांगायचं. गेल्या दीड महिन्यात दोनदा विचारलंय, त्यातलं एकदा जुनी ड्रॉइंग कुठल्या कपाटात आहेत म्हणून.

त्या चाचणीबद्दल आधी बोलू.

वीस मिनिटं, चाळीस प्रश्न. स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ, शेवटची पाच मिनिटं राहिली की ते लाल होतं आणि लुकलुकायला लागतं. पहिल्याच पानावर लिहिलेलं की वाढत्या वयाचा आकलनक्षमतेवर किती परिणाम झालाय हे तपासण्यासाठी ही चाचणी आहे. वा! म्हणजे माणूस बसायच्या आधीच त्याला सांगून ठेवायचं की बाई गं, तुझं डोकं उतरणीला लागलंय, किती लागलंय तेवढं फक्त बघायचंय. यावर अभ्यास झालेत हो. टॉम हेस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की वयस्कर लोकांना आधी 'वयाने स्मरणशक्ती घटते' अशा प्रकारचा मजकूर वाचायला दिला की लगेच नंतरच्या स्मरणाच्या परीक्षेत ते कमी पडतात, तसा मजकूर न वाचलेले त्यांच्याच वयाचे लोक मात्र बरे निघतात. तुम्ही तो मजकूर थेट प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरच छापलात.

मी सत्तावीस प्रश्न सोडवले, तेरा राहिले. चौदाव्याला अडकले ते सांगते, कारण तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. २, ४, ८, पुढे काय? पर्याय चार, १०, १२, १४ आणि १६. दुप्पट करत गेलं की १६, बरोबर. पण आधी दोनने वाढलं, मग चारने वाढलं, तर आता सहाने वाढेल ना, म्हणजे १४, आणि १४ पण तिथे समोरच बसलेलं. आणखी एक आकडा दिला असता तर काही प्रश्नच नव्हता. दोनेक मिनिटं त्यात गेली, शेवटी १६ वर टिक केलं आणि पुढे गेले, पण मन तिथेच मागे राहिलं. पंचविशीत मी हाच प्रश्न पाच सेकंदांत उडवला असता, खोटं कशाला बोलू, तेव्हा मला ते दुसरं उत्तर दिसलंच नसतं. आता ज्या सवयीमुळे मला दोन उत्तरं दिसली तीच सवय तुमच्या घड्याळाने 'मंद' म्हणून नोंदवली.

तर ही माझी पहिली तक्रार. तुम्ही वेग मोजला आणि त्याला बुद्धी म्हणालात.

वेग कमी होतो, हे मी कबूलच करते, त्यात लपवण्यासारखं काय आहे. नाव जिभेवर येऊन अडकतं, एकाच वेळी दोन कामं धरली की एक हातातून निसटतं, नवीन सॉफ्टवेअरचं मेन्यू तीनदा बघावं लागतं. रेमंड कॅटेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकातच सांगून ठेवलंय की बुद्धी म्हणजे एकच एक चीज नाही. कधी न पाहिलेलं कोडं ताबडतोब सोडवायची बुद्धी वेगळी आणि आयुष्यभर साठवलेल्या ज्ञानातून, भाषेतून, अनुभवातून येणारी बुद्धी वेगळी. पहिली तरुणपणी भरात असते आणि मग हळूहळू ओसरते, दुसरी बराच काळ वाढत राहते. २०१५ साली हार्टशॉर्न आणि जर्मीन या दोघांनी हजारो लोकांच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिलं तर त्यातही एक असं शिखर सापडलंच नाही. आकडे-चिन्हं जुळवायचा वेग विशीच्या आसपास, तात्पुरतं लक्षात ठेवणं पंचविशी-तिशीत, समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं चाळिशी-पन्नाशीत, आणि शब्दसंपत्ती तर पार साठीनंतर. आता यातली नेमकी पहिली गोष्ट उचलायची, तिच्यावर सगळी चाचणी बेतायची, आणि निकाल लावायचा की पंचेचाळीसच्या वरचे लोक खाली आले! ते येणारच होते. त्याला चाचणी कशाला हवी होती, जन्मतारीख बघूनही सांगता आलं असतं.

आणि ती तुमची रेषा. नंतर विचारल्यावर कळलं की ती गेल्या दोन वर्षांत नव्याने भरती झालेल्या मुलामुलींच्या सरासरीवरून काढलीय. आता वेक्सलरची बुद्धिमापन चाचणी बघा, १९३९ पासून चालत आलेली, तिच्यात माणसाचे गुण त्याच्या वयाच्या लोकांशी ताडून काढतात. तुम्हाला तसं नको असेल, ठीक आहे, कामाला कोण लायक हे बघताना वयाची सूट मीही मागणार नाही. पण मग निदान एवढं तरी दाखवा की वीस मिनिटांत चाळीस कोडी सोडवण्याचा आणि पंप चालू ठेवण्याचा संबंध काय. माझ्या कामात लाल घड्याळ लुकलुकतं तेव्हा हात मागे घेऊन आधी विचार करायचा असतो, हे मी पहिल्या वर्षी शिकले, एक व्हॉल्व्ह घाईघाईत उघडून.

तरुणांची आणि वयस्करांची एकाच दिवशी तुलना करण्यात आणखी एक गफलत असते, ती वॉर्नर शाय या संशोधकाने दाखवली. त्याने १९५६ साली सिएटलमध्ये पाचशे लोकांच्या चाचण्या घेतल्या, विशीतल्यापासून सत्तरीपर्यंत, आणि मग दर सात वर्षांनी त्याच लोकांना परत बोलावलं, नवीन लोकही घेत गेला, असं कित्येक दशकं चाललं. पहिल्या दिवशीचे आकडे पाहिले तर वाटतं की तिशीनंतर सगळं घसरणीलाच लागतं. पण त्याच माणसांचा वर्षानुवर्षं माग काढल्यावर दिसलं की वेगाच्या चाचण्या सोडल्या तर बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. मग पहिला फरक आला कुठून? तर पिढीचा होता. उशिरा जन्मलेल्यांना शाळा जास्त मिळाली, अशा परीक्षांची सवय जास्त होती. वय वाढल्याने जेवढं गेलं त्यापेक्षा जास्त गेलेलं दिसत होतं. तुम्ही सरसकट सगळं वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालात, वडाची साल पिंपळाला.

दुसरी तक्रार लांबलचक आहे कारण ती खऱ्या कामाची आहे.

मागच्या वर्षी एक पंप छळत होता. व्हायब्रेशन वाढायचं, पंप ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा. दोनदा बेअरिंग बदललं, अलाइनमेंट परत केलं, चार-सहा दिवस गप्प बसायचा की पुन्हा तेच. आमच्या टीममध्ये पंचविशीतला एक मुलगा आहे, हुशार, मला मॅडम न म्हणता ताई म्हणतो. तो लॅपटॉप घेऊन बसला आणि तीन महिन्यांचा डेटा त्याने अर्ध्या तासात ग्राफवर मांडला. मला त्याला दोन दिवस लागले असते आणि वर चुका निघाल्या असत्या त्या वेगळ्याच. त्याला दिसलं की पंप बहुतेक वेळा रात्री दोन ते पाचच्या मध्येच बिघडतो. का, ते त्याला सांगता येईना.

त्या रात्री मी थांबले. पंपापाशी जाऊन आधी नुसती उभी राहिले, मग केसिंगला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग गेलं की किरकिरतं, घरघरतं, हा आवाज तसा नव्हताच. पत्र्याच्या डब्यात खडी घालून कोणीतरी हलवतंय, असा. हा आवाज मी बरोबर सव्वीस वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता, दुसऱ्याच पंपावर, तेव्हाच्या आमच्या फोरमननी मला मानगूट धरल्यासारखं तिथे उभं करून ऐकवला होता. कॅव्हिटेशन. सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, दाब कमी पडला की पाण्यातच वाफेचे बुडबुडे धरतात, पुढे दाब वाढला की ते इम्पेलरपाशी, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांपाशी, फुटतात आणि फुटता फुटता धातू कुरतडतात. मी त्या मुलाला म्हटलं, टाकीची लेव्हल बघ रे रात्रीची. त्याने तोही ग्राफ याच्यावर चढवला, दोन मिनिटं लागली नाहीत, आणि दोन ते पाचला लेव्हल सगळ्यात खाली. सक्शनचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, उघडला तर अर्धा चोंदलेला. दिवसा टाकी भरलेली असायची म्हणून निभावून जायचं. इम्पेलर बाहेर काढला तर पाती वाळवीने खाल्ल्यासारखी.

आता मला सांगा यात अक्कल कोणाची? ग्राफशिवाय मी 'रात्री' या गोष्टीपर्यंत पोचले नसते. आवाजाशिवाय तो तिसरं बेअरिंग मागवत बसला असता. पुढे स्ट्रेनरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक गेज बसवून दोघांतला फरक वाढला की अलार्म वाजावा ही कल्पना माझी, आणि त्याचा प्रोग्राम त्याचा.

तुमच्या नवीन कल्पनांच्या टीमच्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये तो अलार्म नमुना म्हणून दाखवलात. मुलगा टीममध्ये आहे, तिथे त्याने माझं नाव घेतलं, ते त्याच्या चांगुलपणाला धरून झालं. मी टीममध्ये नाही, कारण माझं वय ४० पर्यंत नाही.

वयस्कर माणसं कमी वेगावरही काम कसं निभावतात याचा एक अभ्यास मला फार आवडतो. सॉल्टहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली टायपिस्ट तपासले, १९ वर्षांपासून ७२ वर्षांपर्यंतचे. नुसतं बोट आपटायला सांगितलं, दिवा लागला की बटण दाबायला सांगितलं, तर वयस्कर मंडळी मागे. पण प्रत्यक्ष टाइप करायला दिलं तर वेग तरुणांच्या बरोबरीचा! मग मजकुरातली पुढची अक्षरं झाकून पाहिली तेव्हा गुपित बाहेर आलं, म्हाताऱ्या टायपिस्टांची नजर पुढच्या अक्षरांवर जास्त लांबपर्यंत गेलेली असायची, म्हणून बोट हळू असूनही वेळेवर पोचायचं. मला हे वाचून हसूच आलं. आमच्या शिफ्टमध्ये हेच तर चालतं. मी जिना चढायला वेळ घेते पण वर जाताना तिन्ही पाने (स्पॅनर) आणि गास्केट बरोबर नेते, तरुण पोरं दोनदा खाली येतात. तुमच्या चाचणीत एक प्रश्न गेला की मगच दुसरा दिसायचा. पुढची अक्षरं झाकलेली.

तिसरी तक्रार त्या चाळीसच्या रेषेबद्दल, म्हणजे नवं सुचणं हे तरुणांचंच काम या समजाबद्दल.

हा समज हवेतून आलेला नाही हे मला माहितीय. हार्वे लेहमनने १९५३ साली शेकडो नामवंतांची यादी करून दाखवलं होतं की मोठी कामं बरीचशी तिशीतच होतात. त्यावर पुष्कळ वाद झाले, ते जाऊ दे. पण २०१६ मध्ये रोबेर्टा सिनात्रा, बाराबाशी वगैरेंनी शास्त्रज्ञांच्या आयुष्यभराच्या लेखांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की एखाद्याचं सगळ्यात गाजलेलं काम त्याच्या कामांच्या ओळीत कुठेही असू शकतं, पहिलं, मधलं, शेवटून दुसरं, काही नेम नाही. तरुणपणी यश जास्त दिसतं कारण तरुणपणी लोक कामंच जास्त करतात. मग तुम्ही चाळिशीनंतर कामच काढून घेतलंत तर यश कुठून दिसणार? आणि मग म्हणायचं, बघा, यांना काही सुचत नाही.

माणसामाणसाची सुचायची तऱ्हाही वेगळी असते. डेव्हिड गॅलेन्सन हा अर्थशास्त्रज्ञ चित्रकारांची दोन टोकं दाखवतो, एकीकडे पिकासो, ज्याला पंचविशी-सव्विशीत एकदम नवं काहीतरी दिसलं, आणि दुसरीकडे सेझान, जो करत गेला, पुसत गेला, परत करत गेला आणि ज्याची सगळ्यात नावाजलेली चित्रं शेवटच्या वर्षांतली. चाळीसच्या रेषेने पिकासो आत येतो, सेझान दारातच राहतो. गणितातल्या फील्ड्स पदकालाही चाळीसचीच अट आहे, आणि साडेतीनशे वर्षं न सुटलेलं फर्माचं प्रमेय अँड्र्यू वाइल्सने १९९४ साली पूर्ण केलं तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. पदक नाही. १९९८ ला त्याला खास चांदीची पाटी दिली, म्हणजे नियमाची लाज नियम करणाऱ्यांनाच वाटली म्हणायची. तुमच्या माझ्या फोनमधली बॅटरी ज्या शोधावर चालते तो जॉन गुडइनफ यांचा १९८० चा, तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न, माझ्याहून एक वर्षाने मोठे, आणि नोबेल मिळालं २०१९ ला, सत्त्याण्णवाव्या वर्षी. आपल्याकडचं सांगायचं तर पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० ला आला, पन्नासाव्या वर्षी, आणि शेवटचा १९६२ ला, ब्याऐंशीव्या वर्षी. तुमच्या अटीत बसवायचं तर पहिल्या खंडालाच परवानगी नाही.

हे सगळे थोर लोक झाले, त्यांच्या रांगेत मी कशाला बसू, तेवढी अक्कल आहे मला. साध्या धंद्याचं बघा. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांच्या सरकारी नोंदी घेऊन पिएर अझुले आणि इतरांनी पाहिलं की हजारात एक म्हणावी इतक्या वेगाने वाढलेल्या कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय किती, तर ४५. तुमच्या पोस्टरवर मात्र हुडी घातलेला बावीस वर्षांचा पोरगा.

आता थोडं आमच्या बाजूच्या लोकांनाही सुनावते, नाहीतर म्हणाल ही एकतर्फी बोलतेय. वय झालं म्हणजे शहाणपण आलंच, हे आपलं आपणच ठरवलेलं आहे. जर्मनीत पॉल बाल्टेस आणि उर्सुला श्टाउडिंगर यांनी शहाणपण मोजायचा खटाटोप केला, लोकांना आयुष्यातले अवघड पेच द्यायचे आणि ते कसा विचार करतात ते तपासायचं, आणि त्यांना आढळलं की विशीच्या मध्यापासून पंचाहत्तरीपर्यंत नुसतं वय वाढल्याने शहाणपण वाढतच असं नाही. दुसरीकडे इगोर ग्रॉसमन वगैरेंच्या २०१० च्या अभ्यासात साठीवरचे लोक भांडणतंट्याचा विचार करताना दोन्ही बाजू बघण्यात, तडजोड शोधण्यात आणि 'मला यातलं सगळं कळत नाही' हे मान्य करण्यात पुढे निघाले. दोन्ही वाचून माझं मत असं झालं की वय फक्त कच्चा माल पुरवतं, पुढचं ज्याचं त्याने करायचं असतं. तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणणारे असेही बघितलेत मी, ज्यांच्याकडे एकच वर्ष आहे, तीस वेळा घोटलेलं. त्याच ग्रॉसमनने पुढे २०१४ ला दाखवलं की माणसं मित्राच्या अडचणीवर शहाण्यासारखा विचार करतात आणि स्वतःचं आलं की गडबडतात, आणि यात म्हातारेही सुटत नाहीत. हे पत्र लिहितानाही ते लक्षात आहे माझ्या. दोनदा खोडलंय.

आणि जुन्या वाटेवर अडकणं? होतं. माझंही होतं. पण लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली पाण्याच्या भांड्यांची कोडी घालून दाखवलं होतं की एकच रीत पाच-सहा वेळा जमली की पुढे सोपी वाट समोर असूनही लोक त्याच लांबच्या रीतीने जातात, आणि त्याच्या प्रयोगात शाळा-कॉलेजातली मुलंही होती. अडकणं हे सवयीचं असतं. त्यावर उपाय नवं शिकवणं हा आहे, आणि तिथेच माझी चौथी तक्रार येते.

ट्रेनिंगच्या यादीतून पन्नाशीच्या वरची नावं गळतात. कोणी ठरवून गाळतं असं नाही, "राहिली किती वर्षं यांची, कशाला खर्च करायचा" असा विचार असतो बहुतेक. गेल्या चार वर्षांत मला एकही कोर्स मिळाला नाही, तीन वेळा अर्ज केला होता. अमेरिकेत डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधड्या शिवणं असं खरोखर नवं आणि कठीण काहीतरी शिकायला लावलं, २०१४ ला निकाल आला, त्यांची स्मरणशक्ती नुसत्या गप्पाटप्पा करणाऱ्या गटापेक्षा सुधारली. तुम्ही आम्हाला मीटिंगमध्ये बसवून नेमका तो दुसरा गट बनवलात.

पाचवी तक्रार एका ओळीची आहे. 'मार्गदर्शक' म्हणून जो मान दिलात तो नको, हातात पाना द्या.

आजाराचं म्हणाल तर तो विषय वेगळा. कोणाला खरंच विसराळूपणाचा आजार असेल, रोजचं काम जमेनासं झालं असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यावं, आणि सन्मानाने न्यावं, ते एचआरच्या वीस मिनिटांच्या खेळातून ठरत नाही. आणि वयाबरोबर माणसामाणसांतला फरक वाढत जातो, सत्तरीतली दोन माणसं एकमेकांपासून जितकी लांब असतात तितकी विशीतली नसतात. म्हणजे जिथे एकेका माणसाला बघायची गरज सगळ्यात जास्त, तिथेच तुम्ही सगळ्यांना एका सुपात घेऊन पाखडलंत. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणारे जुने लोकही आम्हाला साठीपर्यंत वेळ देत होते हो, तुम्ही पंचेचाळीसवर आलात.

माझ्या मागण्या सांगते, फार नाहीत.

नवीन टीमची वयाची अट काढा. ज्याला यायचंय त्याने काय करून दाखवलंय आणि काय करायचं म्हणतो ते बघा, अर्जावर जन्मतारखेचा रकानाच नको. परीक्षा घ्यायचीच तर सगळ्यांची घ्या, पंचविशीतल्यांचीही, आणि ती कामाची घ्या. बिघडलेला पंप, लॉगबुक, डेटा, दोन तास. घड्याळ लावा किंवा लावू नका, पण जिथे कामात वेग खरंच लागतो तिथेच वेगाचे गुण धरा आणि ते आधी सांगा. पहिल्या पानावरचं ते वयाबद्दलचं वाक्य आजच्या आज काढून टाका, त्याला समितीची बैठकही लागत नाही. ज्या एकोणीस जणांना 'मार्गदर्शक' केलंत त्यांना कामावर परत घ्या आणि प्रत्येक जुन्या माणसाबरोबर एक नवा अशी जोडी करा, जोडी म्हणजे दोघांनी हात घालायचा, एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं असं नाही, कारण त्या रात्री मी त्याच्याकडून ग्राफवर ग्राफ कसा चढवायचा ते शिकलेय आणि आता मला येतं. ट्रेनिंगची यादी नोटीसबोर्डावर लावा, कोणाचं नाव का नाही ते लिहून.

आणि निकाल पूर्ण द्या. आम्हाला फक्त 'बेंचमार्कपेक्षा कमी' एवढे शब्द मिळाले, किती बरोबर, किती चूक, किती राहिले, काही नाही. मी सोडवलेल्या सत्तावीसपैकी किती बरोबर आले ते मला आजही माहीत नाही.

हे सगळं माझ्या एकटीसाठी मागत नाहीये. मला चार वर्षं राहिलीत, ती मीटिंगमध्ये बसूनही निघतील, पगार तोच आहे. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज टीममध्ये असलेला तो मुलगा पंधरा वर्षांनी चाळीस होईल, तेव्हा त्याने कानाला लावलेला स्क्रू-ड्रायव्हर कोणीतरी असाच काढून घेईल.

महिनाअखेरपर्यंत उत्तराची वाट बघते. माणसाने लिहिलेलं आलं तर बरं.

तेवढ्यात एक काम लगेच होण्यासारखं आहे. चौदावा प्रश्न काढून बघा. तुमच्या उत्तरपत्रिकेत १६ आहे की १४, आणि दुसरं का चूक, हे ज्याने प्रश्न काढलाय त्याला विचारून कळवा.

आपली,
मेंटेनन्समधली एक (सध्या मार्गदर्शक)